‘पंधरा मिनिटांत शॉकअप बदला’: हा मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. ‘गॅरेजवाल्याला पैसे कशाला? मागचा शॉकअप घरी, एकट्याने, पंधरा मिनिटांत बदला.’ खाली गाडी उचलायच्या कृतीसह सगळ्या पायऱ्या. असले मेसेज मी वाचून सोडून देतो. पण शनिवारी रात्री कोपरखैरण्याहून भाच्याचा फोटो आला. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये त्याची यामाहाची आर१५ बाइक पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर) चढवलेली, शॉकअपच्या खालच्या बोल्टचा नट काढून फरशीवर ठेवलेला, आणि खाली लिहिलेलं, ‘मामा, बोल्ट बाहेरच येत नाहीये. मेसेजमध्ये म्हटलंय तसं ठोकू का?’

मी ठाण्याहून ओरडलोच फोनवर. नट परत लाव, हात बाहेर काढ, मी उद्या येतोय.

आता त्या ‘ठोका’बद्दल. मेसेज म्हणतो, ‘पॅडॉक स्टँडवर मागचं चाक उचला. बोल्ट अडकला तर हातोडीने बाहेर ठोका.’ पॅडॉक स्टँड गाडी कुठे धरतो? स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक ज्यात बसतं आणि गॅरेजात ज्याला चिमटा म्हणतात त्याला. आणि चिमटा आणि चेसिस यांच्यामध्ये गाडीचा मागचा भार पेलून कोण उभं आहे? तोच शॉकअप, जो तुम्ही काढायला निघालात. आर१५सारख्या मोनोशॉकच्या, म्हणजे मागे एकच शॉकअप असलेल्या गाडीत, सावरायला दुसरा शॉकअपही नसतो. बोल्ट निघाला की चिमटा स्टँडवर जागच्या जागी राहतो आणि चेसिस, टाकी, सीट सगळं एकदम खाली बसतं. त्या क्षणी तुमची बोटं नेमकी त्या फटीत असतात. आर१५ सुमारे १४० किलोची. त्यातलं निम्म्याच्या आसपास वजन मागे धरा.

बोल्ट अडकला होता तो गंजामुळे नव्हे, तर त्याच्यावर गाडी बसली होती म्हणून. दुसऱ्या दिवशी वजन चेसिसवर घेतल्यावर तोच बोल्ट मी बोटांनी फिरवत बाहेर काढला. बोल्ट सरकत नसेल तर हातोडी शोधू नका, आधी भार कुठे आहे ते शोधा.

हे माझं एकट्याचं मत नाही. यामाहाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये शॉकअप काढायच्या ठिकाणी दोन गोष्टी बजावलेल्या असतात: गाडी पडणार नाही असा भक्कम आधार द्या, आणि खालचा बोल्ट काढताना स्विंगआर्म खाली पडू नये म्हणून तो धरून ठेवा. दुसरी सूचना नीट वाचा. स्विंगआर्म खाली पडेल कधी? तो मोकळा लोंबत असेल तेव्हाच. म्हणजे मॅन्युअल लिहिणाऱ्याने गाडी चेसिसवर उचललेलीच धरली आहे. पॅडॉक स्टँड चेन साफ करायला, चाक काढायला उत्तम. या कामाला नाही.

मेसेजमधले बाकीचे सल्लेही बघा. ‘मेन स्टँडवर लावली की झालं.’ हे अर्धं खरं आहे, मान्य करतो. स्प्लेंडर किंवा बुलेटसारख्या दोन शॉकअपच्या गाडीला मेन स्टँडवर लावून एका वेळी एकच शॉकअप काढला, तर दुसरा चाकाला धरून ठेवतो. मेन स्टँड चेसिसला जोडलेला असतो, म्हणूनच हे जमतं. पण भाच्याच्या गाडीला मेन स्टँडच नाही, आणि मेसेजमध्ये कुठली गाडी याचा एका अक्षराने उल्लेख नाही.

‘साइड स्टँडवर तिरकी करून खाली वीट सरकवा.’ ढिल्या पेव्हर ब्लॉकवर, एका पायावर तोललेल्या गाडीखाली हात घालायचा? यावर अधिक लिहीत नाही.

‘गिअरमध्ये ठेवा, हलणार नाही.’ गिअर फक्त मागचं चाक अडवतो आणि तेच हवेत आहे. पुढचा ब्रेक दाबून लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधा आणि पुढचं चाक भिंतीला टेकवा.

‘पार्किंगच्या छताजवळच्या पाइपला दोरी टाकून गाडी ओढा.’ अहो, ते सांडपाण्याचे नाहीतर आग विझवायच्या पाण्याचे पाइप असतात!

‘जुना शॉकअप खोलून तेल भरा.’ गॅस शॉकअपमध्ये नायट्रोजन दाबाने भरलेला असतो. तो घरी खोलायचा नाही, तापवायचाही नाही.

खड्ड्यांनी शॉकअप लवकर जातात आणि गॅरेजचा खर्च टोचतो, हे मलाही कळतं. घरी काम करूच नका असं मी म्हणत नाही. आम्ही घरीच केलं. रंगारी वापरतात तसा लोखंडी घोडा, गाडीच्या दोन्ही बाजूंना पाय येतील असा, उभा केला, त्याचे पाय फाकू नयेत म्हणून खालून बांधले. सीट काढून चेसिसच्या नळ्यांतून रॅचेटचा (खटक्याने आवळत जाणारा) पट्टा घेतला आणि गाडी हळूहळू वर ओढली. मग दोन्ही फूटरेस्टच्या ब्रॅकेटखाली जॅक स्टँड लावले, म्हणजे पट्टा सुटला तरी गाडी खाली येणार नाही. आर१५च्या इंजिनाखालून चेसिसची नळी जात नाही, त्यामुळे तिथे जॅक लावायचा विचारही केला नाही. बोल्टला पाना लावण्याआधी भाच्याने सीटच्या जागी दोन्ही हातांनी गाडी हलवून पाहिली. हलली नाही. मग त्याने चाक धरलं आणि मी बोल्ट काढला.

दोघांना मिळून अडीच तास लागले. त्यातला पाऊण तास फक्त गाडी नीट टांगण्यात गेला.