उतार पडला, एवढंच लिहा

इंग्लंडमधल्या स्विंडनला रात्रपाळी संपवून बसमध्ये बसलो की मी मोबाइलवर गोव्यातल्या, आमच्या डिचोलीकडच्या खबरी वाचतो. परवा एकाच सकाळी तीन बाण सुटलेले दिसले. खाणी सुरू होणं हा बेकारीवरचा रामबाण उपाय. टॅक्सीच्या भाड्यावर अ‍ॅप हा जालीम इलाज. (जालीम म्हणजे मुळात जुलमी, तेवढं तरी प्रामाणिक.) तिसरा वाड्याच्या ग्रूपवर: 'मधुमेह मुळापासून बरा'.

पहिल्या दोन्हींवर हसलो. तिसऱ्यावर हसू आलं नाही. बाबांनी असलंच एक चूर्ण तीन महिने घेतलं. इन्सुलिन 'आता कशाला' म्हणून फ्रिजमध्येच राहिलं आणि पायाच्या अंगठ्याची साधी जखम चिघळून इस्पितळात जावं लागलं. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पुडीला ते कोण सांगणार?

इथले लोक साधुसंत आहेत असं नाही. इथल्या वर्तमानपत्रांतही दर आठवड्याला कसला ना कसला चमत्कार होत असतो. पण मी काम करतो त्या केअर होममधल्या एका आजोबांना डॉक्टरांचं पत्र आलं, ते मीच वाचून दाखवलं. औषध बंद करूनही तीन महिने त्यांचं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा) साडेसहा टक्क्यांच्या खाली होतं. तरी पत्रात 'बरे झालात' कुठेच नव्हतं. 'रेमिशन' होतं, आणि दरवर्षी रक्त तपासायला या, असं. फोनवर आईला हे समजावताना माझी त्रेधा उडाली. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे उतार पडला म्हण की."

डॉक्टरांना जे सांगायचं होतं ते आमच्या स्वयंपाकघरात आधीपासूनच होतं. उतार, गुण, पथ्य, मात्रा. लिहायला बसलो की मात्र हे सगळं फडताळात ठेवून आपण धनुष्य उचलतो.

खाणींचंच बघा. २०१२ मध्ये बंद, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केली. दारात ट्रक उभा आणि बँकेचे हप्ते चालू, अशा माणसाचं दुखणं खरं. ज्याच्या शेतात लाल गाळ बसला त्याचंही खरं. 'रामबाण' लिहिलं की त्यातलं दुखणं कुणाचं, हे विचारायची सोयच उरत नाही. मात्रेचा विचार केला तो न्यायालयानेच, २०१४ मध्ये बंदी उठवताना: वर्षाला दोन कोटी टनांपेक्षा जास्त नाही. पथ्याचं कोणीच बोललं नाही.

"पळून गेलेल्याने शिकवू नये," असं मित्र ऐकवतात. कबूल. पोर्तुगीज पासपोर्ट हाही आम्हा पोरांचा रामबाणच होता. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, त्या ब्रेक्झिटनंतर तो स्विंडनपर्यंत पोचेनासा झाला. मी आधी आलो म्हणून वाचलो.

बाबांची जखम भरत आली आहे. काल फोनवर विचारलं, तर म्हणाले, "उतार आहे." चूर्णाची अर्धी पुडी त्यांनी अजून टाकलेली नाही, हे आईने नंतर हळूच सांगितलं.