बाईंची शाल राहून गेली

आज डोकं फिरलंय. लिहून मोकळी होते, कुणाला लागलं तर लागू दे.

तालुक्याच्या गावी निवृत्त शिक्षकांचा सत्कार होता. आमच्या बाईंचं नाव यादीत होतं, म्हणून पुण्याहून रात्रीच्या गाडीने गेले. पत्रिकेत वेळ अकराची. बाई साडेदहालाच येऊन बसलेल्या. खळ दिलेलं सुती पातळ, मांडीवर पिशवी, वय 74. प्रमुख पाहुणा कोण, तर एक रीलस्टार. तो आला पावणेदोनला! त्याच्या माणसांसाठी म्हणून पहिली रांग आधीच रिकामी करायला लावली. बाई मुकाट्याने उठल्या, चौथ्या रांगेत जाऊन बसल्या. बॅनरवर त्या मुलाचा चेहरा दाराएवढा आणि शिक्षकांची नावं खाली मुंगीएवढी.

दीडची एसटी चुकली की त्यांच्या गावाला थेट संध्याकाळची. म्हणून सव्वालाच निघाल्या. शाल राहिली, नारळ राहिला. स्टँडवर सोडायला गेले तर मलाच म्हणतात, "तू एवढ्या लांबून आलीस, जेवून जा गं तिथं. पोरांनी केलंय सगळं."

त्या कोण आहेत ते त्या मांडवात कुणाला माहीत नव्हतं. मी सांगते.

1994 साल. मी तिसरीत. आईवडील ऊसतोडीला. मुकादमाची उचल घेतलेली असायची, दिवाळी झाली की ट्रॅक्टर गावात यायचा आणि बिऱ्हाड चढायचं. तान्ह्या भावाला सांभाळायला मी. त्या वर्षी बाई ट्रॅक्टरपाशी आल्या. अण्णांशी भांडल्या, "पोरीला आजीपाशी ठेवा." आजीला दिसत नव्हतं, कोण कुणाला सांभाळणार? मग बाईंनी पिशवीतून पोस्टकार्डं काढली. 15 पैशांचं एक, अशी वीस. प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात शाळेचा पत्ता आधीच घातलेला. म्हणाल्या, "आठवड्याला एक टाकायचं. काय पण लिही, पण लिही."

मी लिहिलं. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, चिमणीच्या उजेडात. "बाई आज उस लई होता. भाऊ रडला." अण्णांना अक्षर येत नव्हतं, पण कारखान्यावर गाडी खाली करायला जाताना कार्ड टोपीत ठेवून न्यायचे, घामाने भिजू नये म्हणून वरून कागद लावायचे.

पैसा लागतो, मान्य आहे. त्या मुलानेही कष्टाने वर काढलं असेल स्वतःला, त्याच्यावर राग नाही माझा. राग आपल्यावर आहे. 2020 साली सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना जागतिक पुरस्कार मिळाला, तेव्हा सात कोटींचा आकडा घराघरांत पोचला. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या 9 शिक्षकांना वाटून दिली, ते किती जणांच्या लक्षात राहिलं? कर्मवीरांच्या वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिलं, हे आपण भाषणात सांगतो. आणि त्याच राज्यात प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला, म्हणजे सुरुवातीला मानधनावर नेमलेल्या नव्या शिक्षकाला, वर्षानुवर्षं महिना 6,000 वर राबवलं. 2023 मध्ये त्याचे 16,000 झाले, तेही मानधन, पगार नव्हे! वर निवडणुकीचं काम, मतदारयाद्या, माहिती भरा, फोटो टाका. वर्गात पोरांकडे बघायचं कधी?

सगळेच मास्तर आमच्या बाईंसारखे नसतात, हेही खरं. पण जे तसे असतात, त्यांना आपण चौथ्या रांगेत बसवतो.

उन्हाळ्यात परत आलो तेव्हा बाईंनी सगळी कार्डं माझ्यापुढे ठेवली. वीसातली सतरा पोचली होती. एकूण एक तपासलेली, लाल शाईने. जिथे जिथे मी 'उस' लिहिलं होतं तिथे खोडून 'ऊस' केलेलं. सहा महिने उसात काढले आणि तो शब्द मला सतरा कार्डांत एकदाही धड लिहिता आला नव्हता, आणि बाई सतराही वेळा दुरुस्त करत बसल्या होत्या. शेवटच्या कार्डाखाली लिहिलं होतं, "भाऊ आता चालतो का?" माझी परीक्षा त्यांनी एकटीची घेतली, दोन दिवस, शाळेच्या ओट्यावर. पास केलं, चौथीत बसवलं.

आज मी परिचारिका आहे. रोज रात्री वॉर्डात पेशंटच्या नोंदी लिहिते. लिहिताना वेलांटी-उकार चुकला तर आजही हात थांबतो.

आत्ताच फोन केला होता बाईंना. एसटीत उभ्याने गेल्या म्हणे अर्धा रस्ता. शालीचं काही बोलल्याच नाहीत. मुलीला जोडाक्षरं जमायला लागली का, ते विचारत होत्या.

रविवारी सकाळी मी मुलीला घेऊन त्यांच्या घरी जातेय. शाल मी घेतलीये. ती सतरा कार्डंही नेणार आहे. आमच्या वर्गातलं कुणी हे वाचत असेल तर मेसेज करा, गाडीत तीन जणांची जागा आहे.