डायलिसिसला पैसे आहेत, बीपीच्या गोळीला नाहीत

बाबांचं आयुष्मान कार्ड निघालं एकदाचं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना ते मिळतंय, उत्पन्न कितीही असू दे, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. आधार, ओटीपी, चेहऱ्याचा फोटो, मधेच सर्व्हर डाऊन, सगळं यथासांग झालं. कार्ड हातात आल्यावर बाबांनी विचारलं, मग आता मेडिकलमध्ये हे दाखवलं की माझ्या गोळ्या फुकट ना? म्हटलं नाही बाबा, ॲडमिट झालात तर फुकट, रोजच्या गोळ्या आपल्या आपण घ्यायच्या.

"म्हणजे आजारी पडल्यावर पैसे देणार, पडू नये म्हणून नाही!" असं म्हणून त्यांनी कार्ड टीव्हीच्या ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. आणि खरं सांगू का, आरोग्यसेवेच्या भविष्यावर मी आजवर जेवढं वाचलंय त्यात याच्याइतकं मुद्द्याचं काही वाचलेलं नाही.

हल्ली हा विषय निघाला की गाडी थेट एआय आणि रोबोटिक सर्जरीवर जाते. माझा त्याला अजिबात विरोध नाही. टीबीसाठी छातीचा एक्सरे कॉम्प्युटरने वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच मान्यता दिलीय आणि जिथे रेडिओलॉजिस्ट महिन्यातून एकदासुद्धा फिरकत नाही तिथे ते वरदानच आहे. पण टीबी सापडल्यावर त्या माणसाने सहा महिने गोळ्या खाल्ल्या की दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून सोडल्या हे बघायला कुणीतरी दारात जावंच लागतं ना. त्या दारात जाणाऱ्या माणसाचं काय, याबद्दल मात्र सगळे चिडीचूप.

आता आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना घ्या. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून ८ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ ला नाव बदललं, पुढे दीड लाखाची मर्यादा ५ लाखांवर गेली आणि आता केशरी पिवळं पांढरं काहीही रेशनकार्ड असलं तरी चालतं. योजना चांगलीच आहे, तिला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या मामांची बायपास तिच्यातूनच झाली, नाहीतर रान विकायला काढलं होतं त्यांनी. डायलिसिसही त्यात बसतं. पण डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत माणूस एका दिवसात येत नाही हो. आधी दहा-पंधरा वर्षं शुगर वाढलेली असते, बीपी वाढलेलं असतं, गोळी महाग वाटते म्हणून एक दिवसाआड घेतली जाते, गावातल्या सरकारी दवाखान्यात गेलं तर स्टॉक संपलाय पुढच्या आठवड्यात या, मग शेतीची कामं निघतात, मग पायाला सूज येते आणि मग एकदम किडनी. त्या पंधरा वर्षांत त्याच्यावर खर्च करायला आपण टंगळमंगळ करतो आणि पंधराव्या वर्षी पाच लाख घेऊन उभे राहतो. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात देशात मधुमेही १० कोटींच्या वर निघाले. एवढ्यांसाठी खुर्च्या आणायच्या कुठून?

बरं खासगी विम्याची तऱ्हा वेगळी नाही. चोवीस तास ॲडमिट असाल तर क्लेम, नाहीतर डे केअरच्या, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशा उपचारांच्या यादीत बसलं पाहिजे. त्यामुळे जी तपासणी बाहेरून दीड तासात उरकली असती तिच्यासाठी "एक रात्र ठेवून घेऊ, म्हणजे बसेल" हे वाक्य मी माझ्या कानाने ऐकलंय, आणि ते सांगणारा माणूस मला उपकार केल्यासारखा सांगत होता. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, बरं झालं. डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्या असा विमा नियामकाचा २०२४ चा आदेशही आहे, तरी पेशंट कपडे बदलून, पिशव्या भरून, सलाईनची पट्टी काढून कॉटवर बसलेला असतो आणि खाली टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीचे क्लेम बघणाऱ्या एजन्सीच्या खिडकीपाशी त्याचा मुलगा.

या सगळ्यात हरवला तो फॅमिली डॉक्टर. आईचं सांगते. गुडघ्याचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, हार्टचे वेगळे, आणि मधे एकदा चक्कर आली म्हणून न्यूरो. प्रत्येकाची फाईल वेगळी. एका रविवारी सगळ्या स्ट्रिप्स मी डायनिंग टेबलवर ओतल्या आणि मागची बारीक अक्षरं वाचत बसले, तर पँटोप्राझोल दोन वेगळ्या नावांनी, दोन वेगळ्या डॉक्टरांकडून, रोज सकाळी दोन्ही चालू. ॲसिडिटीची गोळी म्हणून थोडक्यात निभावलं म्हणायचं. चूक एकाचीही नाही, प्रत्येकाने आपापल्या अवयवापुरतं बरोबर लिहिलं होतं. अख्खी आई कुणाच्याच फाईलमध्ये नव्हती. आभाचा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा चौदा आकडी नंबर काढला की सगळे रेकॉर्ड एका ठिकाणी येतील म्हणतात, येऊ देत, पण ते एकत्र वाचायला बसणारं कुणीतरी लागेल की नको?

आणि तरुण डॉक्टरांना तरी काय बोलणार. एमबीबीएस होऊन गल्लीत दवाखाना टाकायचा म्हणजे गाळ्याचं भाडं, डोक्यावर कर्ज, शंभर-दोनशे रुपये फी, त्यातही "मागच्याच आठवड्यात आलो होतो, परत कशाला घेता" म्हणणारे आपणच. लग्नाच्या बाजारातसुद्धा "नुसता एमबीबीएस" म्हणतात लोक! तो स्पेशालिस्ट व्हायला "नीट पीजी" या प्रवेश परीक्षेच्या मागे लागला तर त्यात त्याचं काय चुकलं.

मला वैताग याचा येतो की यावरचा उपाय आपल्याला ठाऊक नाही असंही नाही. अख्ख्या जगाने बघायला यावं असं काम महाराष्ट्रातच झालंय. जामखेडला आरोळे डॉक्टर पती-पत्नींनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि पुढे गावातल्या बायकांनाच, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, बालमृत्यू घटले आणि ते १९९९ ला लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आमच्या साताऱ्यात आणि सिंधुदुर्गात २०१८ च्या सुमारास बीपी नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम आला, त्यात जादू काहीच नव्हती, ठरलेली गोळी, ठरलेला डोस, महिन्याभराचं औषध एकदम आणि पेशंट आला नाही तर त्याला फोन. बस. भविष्य म्हणून मला तरी हेच पाहिजे, कंटाळवाणं असलं तरी.

हे चालवणार कोण तर आशाताई. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा सन्मान केला, फोटो आले, सगळ्यांनी शेअर केले, मीही केला. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत याच बायका मानधनवाढीचा जीआर काढा म्हणून आझाद मैदानात बसून होत्या. कागदावर त्या आजही "स्वयंसेविका", म्हणजे पगार नाही, मानधन. गरोदर बायका, लसीकरण, टीबी, कुष्ठरोग, सर्वे, वर मोबाईलवर एंट्री. त्यात आता शुगर-बीपीही त्यांच्याच गळ्यात.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात स्वच्छ लिहिलंय की आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ आणि त्यातला दोन तृतीयांश प्राथमिक आरोग्यसेवेला देऊ. २०२५ सरलं, अडीच टक्के काही आले नाहीत. आणि प्राथमिक केंद्राच्या औषधांसाठी कुणी मोर्चा काढत नाही, कारण हॉस्पिटलच्या उद्घाटनाला जशी फीत कापता येते तशी वेळेवर मिळालेल्या गोळीची कापता येत नाही.

सरकारचं सरकार बघेल, आपल्यापुरतं काही जमतंय का म्हणून मी आमच्या सोसायटीत एक प्रस्ताव टाकलाय. क्लबहाऊसमधली टेबलटेनिसची खोली रिकामीच असते, शेजारच्या विंगमधल्या एक रिटायर्ड डॉक्टर बाई आठवड्यातून दोन संध्याकाळी बसायला तयार आहेत, सिक्युरिटी आणि हाऊसकीपिंगच्या लोकांनाही तिथेच तपासतील, सगळ्यांची एकेक वही ठेवू, मेंटेनन्समध्ये घरटी शंभर रुपये वाढतील. कमिटीचं उत्तर आलंय की एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला ठेवू, आणि तोवर खोलीत ट्रेडमिल बसवायचा विचार आहे.