गरीब रेझर, मारका रेझर

हनुवटीला तुरटी चोळून हे टाइप करायलोय, त्यामुळं मधेच कुठं आग झाली तर समजून घ्या.

मला जुने सेफ्टी रेझर जमवायचा नाद आहे. सुरुवात आजोबांच्या जिलेट टेकपासनं झाली. तीन तुकड्यांचा, हलका, १९३८ च्या आसपास निघालेलं मॉडेल, आणि स्वभावानं इतका गरीब की अर्ध्या झोपेत ओढला तरी काही करत नाही. माणसाला सुख बोचतं, म्हणून मी ऑनलाइन जिलेटचाच फॅटबॉय नावाचा रेझर मागवला. हा १९५८ ते १९६१ एवढाच निघाला, मानेला १ ते ९ आकड्यांची चकती, डोक्याच्या खाली एफ अक्षर, म्हणजे १९६० चा माल. विकणारा म्हटला, "दादा, एकदम माईल्ड आहे." काल चुलत बहिणीचा साखरपुडा, गाल गुळगुळीत पाहिजेत, म्हणून पहिल्याच दिवशी चकती सातवर. पुढचं सांगत नाही. पेपरचे सहा तुकडे लागले, त्यातला एक राशिभविष्याचा होता.

तशाच तोंडानं कोल्हापुरातल्या गंगावेशीत दूध आणायला गेलो, ही चूक. रेझर खिशात घालून नेला, ही महाचूक, पण परत येताना एका मित्राला दाखवायचा होता.

कट्ट्यावर म्हशी उभ्या, लोक ग्लास घेऊन उभे. आण्णा धार काढत होते. मान वर न करताच म्हणाले, "काय रं, खुराड्यात शिरल्तास काय?"

"नाही आण्णा, दाढी केली."

"कशानं? खुरप्यानं?"

इथं गप्प बसायचं असतं. मी रेझर काढून दाखवला. आण्णांनी धोतराला हात पुसले, रेझर तळहातावर दोनदा उडवून वजन बघितलं, खालची मूठ पिळली. वरची दोन्ही दारं उघडली तशी मागच्या तिघांनी माना पुढं घातल्या. मग त्यांनी चकती फिरवली. कट्, कट्.

"हे काय, पंख्याचं रेग्युलेटर?"

"तसंच समजा. आकडा वाढला की पात्याखालची फट वाढते."

"मग किती ठेवल्तास?"

"सातवर."

"आरं, घरातला पंखा तरी सातवर जातोय का? पाचला संपतोय!"

सगळी गंगावेस हसली. एक जण स्कूटरवरच होता, इंजिन चालू, तो मुद्दाम हसायला थांबला. मला राग आला आणि राग आला की मी माहिती द्यायला लागतो. म्हटलं, आण्णा, नुसत्या फटीवर काही ठरत नाही, पात्याची धार बाहेर किती डोकावते ते बघायचं, टोपी पातं किती घट्ट दाबून वाकवते ते बघायचं, सारख्याच फटीचे दोन रेझर गालावर वेगळे लागतात, एकाला माईल्ड म्हणतात, एकाला अग्रेसिव्ह.

आण्णांनी दोन म्हशींकडं बोट केलं. "ही गरीब. बारकं पोरगं बी धार काढतंय. ती मारकी. गरिबाला पान्हा कमी, पिळत बसाय लागतंय, हात दुखत्यात. मारकी चार मिनिटांत बादली भरती. पण लाथ बसली तर ती म्हशीची चूक न्हाई, बसणाऱ्याची."

मला हे पटलं, हेच जास्त लागलं. कारण टेकचं अगदी तसंच आहे, गरीब म्हणून आपण तोच गाल पाच-पाच वेळा खरवडतो आणि संध्याकाळी मान लालभडक. म्हणजे माईल्डनंही आग होतेच, फक्त हप्त्यानं.

आणि हे माईल्ड ठरवतो कोण? ज्याच्या गालावर मक्याच्या कणसाची केसरं आहेत तो सांगणार "बटर आहे", आणि माझी दाढी म्हणजे बाभळीचं कुंपण, मी त्याच्या शब्दावर पैसे मोजणार. १९०३ साली जिलेटचे वर्षभरात मिळून ५१ रेझर आणि १६८ पाती खपली होती. त्या ५१ जणांना निदान आधी कुणी मत तरी दिलं नसेल.

तेवढ्यात आण्णांनी माझी हनुवटी धरली. सरळ, जनावरांच्या बाजारात दात बघायला धरतात तशी. हाताला म्हशीचा वास, अंगठा बरोबर राशिभविष्यावर. तोंड डावीकडं वळवलं, उजवीकडं वळवलं आणि गिऱ्हाइकांना दाखवायला लागले, "हितं कोपरा लागलाय. हितं जोर दिलाय. हितं उलटी मारलीय, बघा." स्कूटरवाला उतरून जवळनं बघून गेला. एका काकूंनी पिशवीतनं हळद काढून देऊ का म्हणून विचारलं. बेचाळीस वर्षांचा माणूस आहे मी, स्वतःचं ऑफिस आहे.

"आण्णा, तुम्ही कशानं करता?" मी कसंबसं विचारलं, गाल त्यांच्याच हातात.

"हाय एक पितळंचा. बापाचा. नाव गेलंय घासून."

"आणि ब्लेड?"

"मिळंल ते. अमावस्येला बदलायचं."

म्हणजे महिनाभर एकच पातं, आणि गाल बघाल तर पेढ्यासारखा. मी पाच कंपन्यांची पाती वहीत नोंदवून, कोन तीस अंश धरून, फेस गरम पाण्यात मुरवून करतो. चिडायचं नाही तर काय करायचं?

साखरपुड्यात फोटोग्राफर तीनदा म्हणाला, सर जरा डाव्या बाजूनं. डावी बाजू जास्त वाईट होती.

हां, आणि पैसे. मी घरी न्यायला एक लिटर घेतलं आणि एक ग्लास तिथं प्यालो. आण्णांनी ग्लास दोन धरले. दुसरा कुणाचा विचारलं तर स्कूटरच्या धुराकडं बोट दाखवलं, "त्यो तुझाच पावणा न्हवं का? तुलाच बघाय थांबल्ता."