आयएसएलच्या आधीपासून कोल्हापूर आहे

महाराष्ट्रात फुटबॉलचे खरे सपोर्टर 2014 ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) आल्यावर तयार झाले, हे तुमच्या लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. अहो, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर त्याच्या कितीतरी आधीपासून पीटीएम (पाटाकडील तालीम मंडळ) विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच म्हटलं की गर्दी मावायची नाही, मी तर काकाच्या खांद्यावर बसून ऑफसाइड शिकलो. इथं टीम निवडायची नसते, ज्या पेठेत वाढलात ती तुमची, तालमींचेच संघ आहेत ना.

हाणामारी व्हायची ते वाईटच, त्यावर जरूर लिहा. पण 2017 चा अंडर-17 वर्ल्ड कप भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, त्याचा तरी उल्लेख हवा होता.