थंडीत तीनदा

शनिवारी दुकानात जे झालं ते बायकोच्या मते विनोदी होतं. आज मंगळवार. मला अजून हसू आलेलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या आमच्या गावाची वीज तीन दिवस गेली. घर तापवणारा तळघरातला तेलाचा बॉयलर विजेशिवाय पेटत नाही, हे ज्ञान आम्हाला गोधडीत बसून झालं. म्हणून घर तापवायला लाकडाचा स्टोव्ह घ्यायचं ठरलं.

त्याच्या मापात विचार करण्यासारखं काय असणार? आमच्याकडे मापं एकाच तत्त्वावर ठरतात : मोठं घ्या, माणसं येतात. याच तत्त्वावर घेतलेला दहा लिटरचा कुकर आम्ही ठाण्याहून इथवर आणला. पंधरा वर्षांत त्यात एकदाच भात लावला, गणपतीत.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, घर किती चौरस फूट? मी म्हणालो, 2200. बायकोने माझ्याकडे पाहिलं. घर 1400 आहे. पण मी ठाण्यात फ्लॅट घेतलेला माणूस. चौरस फूट म्हटलं की तोंडातून सुपर बिल्ट-अपच बाहेर पडतं. गॅरेज, माळा, मागचा डेक सगळं धरून. मुलीने निरागसपणे तीन घनफुटी फायरबॉक्सचं, म्हणजे लाकूड जळतं त्या कप्प्याचं, एक धूड दाखवलं. माहितीपत्रकावर छापलं होतं, '2500 चौरस फुटांपर्यंत'. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' ज्या शाळेत शिकलं, त्याच शाळेतलं हे 'पर्यंत'. छत किती उंच, भिंतीत इन्सुलेशन आहे की नुसते उंदीर, बाहेर उणे पाच की उणे पंचवीस, कशाचा पत्ता नाही.

"त्यात शिजशील," मागून आवाज आला.

मागे एक म्हातारेबुवा. ऐंशीच्या पुढचे, पँटला गॅलिस, हातात राख काढायचं नवं फावडं. इंग्रजीत अरे-तुरे नसतं म्हणतात. त्यांच्या आवाजात होतं.

"मोठा घेशील, उकडेल, मग हवा बंद करून आग दाबशील. दाबलेली आग धुमसते. तो धूर चिमणीत गार होतो, डांबरासारखा आतून चिकटतो आणि एका रात्री चिमणीच पेटते. मग गावचा बंब येतो. त्यावर माझा मुलगा असतो. तो शिव्या देत येतो."

मला हे लगेच पटलं, कुकरमुळे. दहा लिटरच्या कुकरात वाटीभर डाळ लावून पाहा. नुसती फुरफुर.

"मग छोटा घेतो. दीड घनफूट."

"त्यात लाकूड मावतं किती? चार तासांत निखारे. रात्री भरायला कोण उठणार?"

मी गप्प. त्यांनी फावडं काउंटरला टेकवलं आणि बाजारात म्हैस निरखावी तसं मला निरखलं.

"वय?"

"चोपन्न."

"रात्री किती वेळा उठतोस?"

"म्हणजे?"

"लघवीला."

दुकानात आणखी एक जोडपं होतं. ते ग्रिल बघत होतं, बघायचं थांबलं. मी "नाही, म्हणजे तसं काही..." असं सुरू करतोय, तोवर जिने सव्वीस वर्षांत घरातली गोष्ट सख्ख्या बहिणीला सांगितली नाही, त्या बाईने खणखणीत इंग्रजीत उत्तर दिलं, "दोनदा. थंडीत तीनदा."

"किती वाजता?" हे त्यांनी तिलाच विचारलं. माझा विषय संपला होता.

"दीडला एकदा. मग साडेचारला."

"उत्तम. दोन घनफूट घ्या. अकराला तुम्ही भरा, साडेचारला तो भरेल. माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रात्रभर झोपायला लागलो, आणि सकाळी घर बर्फ. शेवटी तीनचा घ्यावा लागला."

मुलीने काहीतरी लिहून घेतलं. तिच्या फॉर्मवर छताची उंची, जिन्याची जागा असे रकाने होते. हे कुठल्या रकान्यात गेलं ते मी पाहिलं नाही.

वाईला आजीकडे तांब्याचा बंब होता. त्याचं माप माणसांत असायचं : इतक्यांच्या अंघोळी. इथे बीटीयू. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागते ती उष्णता म्हणजे एक बीटीयू. अख्खी जळलेली काडेपेटीतली एक काडी, साधारण. त्या धुडावर लिहिलं होतं, ताशी 75,000. पंचाहत्तर हजार काड्या! आजी एका काडीत बंब पेटवायची, आणि आमच्या हातून दुसरी लागली तर दिवसभर ऐकवायची. पहाटे उठून करवंट्या घालायचं काम मात्र आजोबांचं. तेच का उठायचे, ते मला शनिवारी कळलं.

बरं, स्टोव्ह ठरला म्हणून सुटलो असंही नाही. चिमणीत आतून घालायच्या पोलादी नळीचे पैसे स्टोव्हपेक्षा जास्त. बसवणारा सहा आठवड्यांनी येणार. विमावाल्यांना फोटो हवेत. रविवारी लाकूड आलं, एक कॉर्ड. कॉर्ड म्हणजे चार बाय चार बाय आठ फुटांची रास, 128 घनफूट. मी रचून टेप लावली : 110. 'वाळलेलं आहे' असं विकणाऱ्याने तीनदा सांगितलं होतं. ओंडका फोडून आत मीटर खुपसला तर ओल 34 टक्के. हवी विसाच्या आत. फोन केला तर म्हणतो, ओक आहे, त्याला दोन वर्षं लागतात. मग पैसे दोन वर्षांनी घे ना बाबा. हे मी त्याला म्हणालो नाही. गाव लहान आहे, आणि त्याचा ट्रक मोठा.

काल रात्री जाग आली. अंधारात चाचपडत दाराशी पोचलो, तर पांघरुणातून आवाज.

"किती वाजले?"

"चार पस्तीस."

"पाच मिनिटं उशीर," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.