सर्टिफिकेट आहे म्हणून स्पेक बरोबर, असं नसतं

आठवडाभर पुण्यातल्या आयटीवाल्यांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय: "कंपनीला आयएसओ २७००१ आहे, दरवर्षी पेनटेस्ट होते, मग सिक्युरिटी स्पेक गणिताने तपासणं म्हणजे पीएचडीवाल्यांचे लाड. आणि वायफायचं डब्ल्यूपीए२ हे सिक्युरिटी स्टँडर्ड गणिती प्रूफ असूनही फुटलंच ना." माझ्या टीममधल्या पोरांनीही तो पुढे पाठवलाय, म्हणून लिहितोय. (स्पेक म्हणजे प्रॉडक्टने कसं वागायचं ते लिहिलेला कागद, पेनटेस्ट म्हणजे मुद्दाम हल्ला करून बघणं.)

२७००१ कंपनीचा सिक्युरिटीचा कारभार तपासतं, तुमच्या प्रॉडक्टचं लॉगिन नाही. त्यासाठी आयएसओ १५४०८ आहे, म्हणजे कॉमन क्रायटेरिया, आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २०१३ पासून सर्टिफिकेट देणारा देश आहे.

आता पेनटेस्ट. हिंजवडीत एका क्लायंटचं ओटीपी लॉगिन होतं, स्पेकमध्ये दोन ओळी, "तीन चुका झाल्या की अकाउंट लॉक" आणि खाली वेगळ्या पानावर "नवीन ओटीपी मागवला की काउंटर शून्य". दोन्ही ओळी वाचायला एकदम शहाण्या वाटतात, टेस्टरने दोन्ही वेगवेगळ्या तपासल्या, दोन्ही पास, पेनटेस्टही पास. कॉमन क्रायटेरियातली चुकीच्या लॉगिनची अट मी टीएलए प्लस या स्पेक लिहायच्या गणिती भाषेत लिहिली आणि तिच्या चेकरने, म्हणजे सगळ्या शक्यता तपासणाऱ्या प्रोग्रामने, चार पायऱ्यांत दाखवून दिलं: चूक, चूक, नवीन ओटीपी, चूक. तीन चुका झाल्या आणि अकाउंट उघडंच! म्हणजे कोणीही कितीही वेळ ओटीपी ठोकत बसू शकतो. कोड स्पेकप्रमाणेच होता हो, स्पेकच चुकलं होतं.

डब्ल्यूपीए२ चं म्हणाल तर २०१७ च्या क्रॅक हल्ल्याने जुनं प्रूफ खोटं पडलं नाही, तीच गुप्त किल्ली (की) परत इन्स्टॉल झाली तर काय, हे त्या प्रूफच्या मॉडेलमध्ये नव्हतंच आणि स्टँडर्डमध्येही किल्ली कधी इन्स्टॉल करायची ते नीट लिहिलेलं नव्हतं. मग हे उदाहरण स्पेक नीट तपासा असं सांगतं की तपासू नका असं?

आणि लाड म्हणता ते कशाच्या जोरावर? सेल४ या कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, २००९ चं प्रूफ सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, सी भाषेतल्या कोडच्या ८,७०० ओळींसाठी प्रूफच्या २ लाख ओळी. तेवढं कोणी मागत नाहीये, पूर्ण डिझाइनचं फॉर्मल व्हेरिफिकेशन, म्हणजे गणिताने सिद्ध करणं, कॉमन क्रायटेरियातही सगळ्यात वरच्या ईएएल ७ या पातळीलाच लागतं. माझं मॉडेल एका पानाचं होतं, एका दुपारचं काम. लॉकआउट, सेशन टाइमआउट आणि कोणाला कुठला रोल, या तीन कलमांपासून सुरुवात करा, बाकीचं मग बघू.